दुकान मोडू का ऑनलाईन सोडू? चप्पल लाईनमधल्या एका बापलेकाची केस

दिवाळी झाली की माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, दुकान बंद करून सगळं ऑनलाईनच करू का?" कधी उलटा पण येतो, म्हणजे घरातनं इन्स्टावर ड्रेस मटेरियल विकणारी मुलगी विचारते की आता गाळा घेऊ का. मी काही धंद्याची सल्लागार नाही, कोल्हापुरात कौटुंबिक समुपदेशन करते. तरी प्रश्न माझ्याकडं येतो, कारण तोपर्यंत तो नुसता हिशोबाचा राहिलेलाच नसतो, घरात भांडी आपटायला लागलेली असतात.

परवा एका ताईंनी फोनवर पुन्हा हेच विचारलं म्हणून ही एक केस लिहिते. नावं घेत नाही, ओळख पटेल असं बरंच बदललंय, आणि लिहू का म्हणून दोघांना विचारलंय. तिघांना म्हणायला पाहिजे खरं तर, ते पुढं येईलच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बापलेक आले, एकाच घरातनं, दोन वेगवेगळ्या गाड्यांवरनं. वडील साठी ओलांडलेले, चप्पल लाईनीत, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, स्वतःच्या मालकीचं १० बाय १४ चं दुकान, त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. मुलगा २८ चा, बीबीए झालेला, दीड वर्षापासनं मार्केटप्लेसवर (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साईटवर) आणि इन्स्टावर कोल्हापुरी चप्पल विकतोय. आणि भांडणाचं तात्कालिक कारण म्हणजे मोबाईल कव्हर विकणाऱ्या एकानं दुकानाला महिना २५,००० भाडं देऊ केलेलं. मुलाचं म्हणणं भाड्यानं द्या, माल घराच्या वरच्या मजल्यावर ठेवू आणि पूर्ण ऑनलाईन जाऊ.

"मॅडम, हे पोरगं माझं दुकान मोडायला निघालंय. पायताण काय मोबाईलवर घालून बघता येतंय व्हय?"

"आण्णा, पावसाळ्यात दिवसाला दोन जोड जातात तुमचे, बाकीचा वेळ पेपर वाचता. मला परवा झोपेत असताना नऊ ऑर्डर आल्या."

"आल्या, आणि त्यातल्या किती माघारी आल्या ते सांग की म्याडमना."

पहिला तास असाच गेला. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आधी कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, त्यावरनं गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल. त्या महिन्यात मुलाच्या ऑर्डरी भराभर वाढल्या आणि त्याला वाटायला लागलं की हीच वेळ आहे. वडिलांचं म्हणणं, लाट हाय, लाट ओसरती. मुलानं २०२० च्या लॉकडाऊनचा विषय काढला, शटर खाली ते खालीच, तेव्हा ऑनलाईन असतं तर. वडिलांनी त्याच्या ऑनलाईन खात्याचा विषय काढला, ऐन सणात फोटोच्या कुठल्यातरी तक्रारीवरनं मार्केटप्लेसनं ते ११ दिवस बंद ठेवलेलं आणि पोरगं रोज मेल लिहीत बसलेलं, दाद मागायला समोर माणूसच नाही. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. दुकानाला रस्ता खणला की फटका, पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक पुढं जातं, ऑनलाईनला कुणीतरी लांब बसून एक नियम बदलला की फटका.

मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना एक जोड घेऊन या आणि एका महिन्याचा हिशोब. गल्ला किती झाला ते नको आणि ऑर्डर किती आल्या ते पण नको. हातात काय राहिलं ते.

माझ्या अनुभवात इथंच नव्वद टक्के भांडणं अडकलेली असतात (टक्केवारी माझ्या मनाची, कुठं छापू नका). दुकानवाला गल्ला सांगतो, ऑनलाईनवाला ऑर्डरी सांगतो, आणि दोन्ही आकडे कसे छान गुबगुबीत असतात.

पुढच्या आठवड्यात जोड टेबलावर आला. नवाकोरा, माझ्या खोलीत कातड्याचा आणि तेलाचा वास पसरला. आण्णांनी एक चप्पल हातात घेतली, पट्टा अंगठ्यानं दाबला, मला म्हणाले घालून बघा. घातली तर घट्ट. "घट्टच पायजे. चार दिवस वापरली, जरा तेल लावलं की पायाची होतीया. सैल दिली तर महिन्यात पाय बाहेर. म्हणून आमी गिऱ्हाईकाला बसवून, समजावून घट्टच देतो."

मुलगा पटकन म्हणाला, "आणि तेच घट्ट आहे म्हणून माझ्याकडं परत येतं." दोन बैठकांत पहिल्यांदाच दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते.

मग हिशोब. आधी दुकानाचा. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १५० जोड, मे महिन्याच्या सुट्टीत आणि नवरात्रात अंबाबाईला आलेल्या पर्यटकांमुळं जास्त, पावसाळ्यात शुकशुकाट आणि वर मालाला बुरशी लागू नये म्हणून पुसत बसायचं काम वेगळं. कारागिराकडनं ६५० ला घेतलेला जोड घासाघीस होऊन १,००० ला जातो, म्हणजे जोडामागं ३५०, महिन्याचे ५२,५००. त्यातनं पोऱ्याचा पगार १२,०००, लाईट २,५००, चहापाणी-पिशव्या ३,०००. राहिले ३५,०००. आण्णा खूष. मी विचारलं, भाडं? "भाडं कसलं, दुकान माझं हाय." मुलगा काही बोलला नाही, कागदावर नुसतं २५,००० लिहिलं आणि वजा केलं. दिवसाचे १२ तास बसून आण्णांची स्वतःची कमाई निघाली १०,०००.

आता मुलाची पाळी. महिन्याला १०० ऑर्डरी, जोड १,१९९ ला. त्यातले २७ परत आले, काही साईजमुळं, काही कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांनी दारातनंच परत पाठवलेले. उरलेल्या ७३ मध्ये जोडामागं जीएसटी, ६५० ची खरेदी, कमिशन-शिपिंगचे मिळून १८० आणि बॉक्सचे ३० गेले की २८२ राहतात. (२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या पादत्राणांना ५ टक्के जीएसटी झालाय म्हणून एवढे तरी, त्याआधी हजाराच्या वरच्या जोडाला १८ टक्के होता.) म्हणजे २०,५८६. मग परत आलेल्या २७ चा कुरियर ३,५१०, त्यांचे वाया गेलेले बॉक्स ८१०, त्यातले ६ जोड तर घालून फिरवून, भिजवून पाठवलेले, ते विकताच येत नाहीत, ३,९००. जाहिरातीचे ६,०००. राहिले ६,३६६.

मुलानं कॅल्क्युलेटर दोनदा मारून बघितला. आण्णांच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद यायला पाहिजे होता, तो आला नाही, ते म्हणाले, "एवढं जागतोस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आणि एवढंच?" आणि त्या वाक्यानंतर जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता इथं एक गंमत बघा. दुकान भाड्यानं दिलं तर घरात २५,००० आणि मुलाचे सहा, ३१,००० च्या आसपास. दुकान चालू ठेवून आज दुकानाचे ३५,००० आणि मुलाचे सहा, म्हणजे ४१,००० येतात. शिवाय मुलाला माल मिळतो तो आण्णांच्या शब्दावर, कारागीर महिना-दीड महिना थांबतात ते आण्णांशी तीस वर्षांची ओळख आहे म्हणून. शटर उतरलं की ती उधारी पण उतरली. हे मुलानं कधी धरलंच नव्हतं. आणि आण्णांनी हे धरलं नव्हतं की पावसाळ्यात दुकान मरतं तेव्हा पोराच्या ऑर्डरी येत राहतात, तिकडं राजस्थान-दिल्लीकडनं, आणि दीड वर्षात शून्यावरनं शंभरावर गेल्यात, दुकानाचे १५० मात्र पाच वर्षं १५० च आहेत.

तरी मला वाटत होतं की एवढ्या साध्या हिशोबासाठी माणसं दोन गाड्यांवरनं येत नाहीत. म्हणून दोघांशी वेगवेगळं बोलले.

मुलाचं निघालं ते असं. दोन स्थळांनी नकार दिलेला, एका मुलीच्या मामानं तर तोंडावर विचारलं, "म्हणजे दुकानातच बसतो ना?" बायोडेटावर 'ई-कॉमर्स व्यवसाय' लिहिलं तर मान मिळतो, असं त्याला वाटायचं. मी त्याला हसले नाही कारण हे खरंच आहे, इकडं दुकानदाराला मुलगी द्यायला लोक का-कू करतात आणि बारा हजाराच्या ऑफिसातल्या नोकरीला हो म्हणतात. आण्णांचं निघालं ते आणखी साधं. "सकाळी शटर वर केलं की लाईनीतली दहा माणसं रामराम घालत्यात. घरात बसलो तर कोण घालणार? टीव्ही?"

म्हणजे एकाला दुकान नको होतं कारण त्यात मान नाही आणि एकाला दुकान पाहिजे होतं कारण मान तिथंच आहे. ऑनलाईन-ऑफलाईन नंतरचं.

तिसऱ्या बैठकीत मुलाला मी म्हटलं, तुझ्या १०० ऑर्डरी येतात कुठनं ते वेगळं काढ. मार्केटप्लेसवरनं ७०, इन्स्टावरनं १८ आणि व्हॉट्सॲपवर १२. आणि परत आलेल्या २७ पैकी व्हॉट्सॲपवरचा एकही नाही. का? तर हे १२ म्हणजे आण्णांची जुनी गिऱ्हाईकं, पुण्याला, बेंगलोरला, एकजण न्यू जर्सीत. आणि त्यांची मापं आण्णांकडं आहेत. कुठं आहेत? तर दुसऱ्या दिवशी मुलगा ती वही घेऊन आला. लांबडी, लाल कापडी बांधणीची खतावणी, आणि पानापानावर पेनानं काढलेली पावलं. कागदावर पाय ठेवायला लावून भोवतीनं पेन फिरवलेला, आत नाव, गाव, आणि आण्णांच्या अक्षरात शेरे. 'डावा अंगठा मोठा.' 'सूज असती, एक बोट सैल.' एका लहान पावलाच्या शेजारी त्याच पानावर तीन वर्षांनी काढलेलं मोठं पाऊल. मुलानं ही वही लहानपणापासनं बघितलेली, पण हा डेटा आहे असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं (डेटा हा त्याचा शब्द, आण्णा तिला 'पायाची वही' म्हणतात).

मग त्यानं इन्स्टावरच्या गिऱ्हाईकांना सांगायला सुरुवात केली, कागदावर पाय ठेवून रेघ मारा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. आण्णा तो फोटो बघून साईज सांगतात. इन्स्टाचे परत येणारे जोड खूप कमी झाले. मार्केटप्लेसवर मात्र काही फरक नाही, तिथं ऑर्डरीआधी गिऱ्हाईकाशी असं बोलताच येत नाही, आणि चारशे रुपयांत रेक्झिनची 'कोल्हापुरी' विकणारे शेजारी उभे असतातच. त्यानं तिथली जाहिरात अर्ध्यावर आणली. पूर्ण बंद कर असं आण्णा म्हणतात, तो नाही म्हणतो, कारण नवीन माणूस पहिल्यांदा तिथंच भेटतो. यावर अजून वाद चालू आहे आणि तो मला मिटवायचाही नाही.

ज्या ताईंचा फोन आला होता त्यांना मी एवढंच विचारलं की तुमची वस्तू हात लावून, घालून, वास घेऊन घ्यायची आहे का, आणि परत आली तर पुन्हा विकता येते का. लोणचं-पापडाला माप लागत नाही पण एकदा दारातनं परत आलेलं लोणचं कोण घेणार. आणि जीएसटीचं आधी नीट विचारा, दुकानातनं माल विकताना वर्षाच्या ४० लाख उलाढालीच्या आत जीएसटी नंबर लागत नाही म्हणून निवांत असलेली माणसं मार्केटप्लेसवरनं राज्याबाहेर विकायला जातात आणि तिथं अडकतात, तिथं उलाढाल कितीही कमी असो नंबर लागतोच. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सूट आहे ती आपल्याच राज्यात विकण्यापुरती. आपल्या सीएला दोनशे प्रश्न विचारा, लाजू नका. आणि गाळा घेणार असाल तर डिपॉझिट आणि फर्निचरचे पैसे सहा महिने विक्री झालीच नाही तरी घरखर्चाला हात न लावता निघतील का ते बघा.

आता राहिलेला तिसरा माणूस. जानेवारीत काकू, म्हणजे मुलाची आई, एकट्या आल्या. अपॉइंटमेंट पण घेतली नव्हती, मंडईतनं येताना पिशव्यांसकट आल्या. म्हणाल्या, "तुमी त्या दोघांचा कागद केलासा, मी बघितला. पोऱ्याचा पगार हाय त्यात, लाईटबिल हाय, आण्णांचे १२ तास बी हायत. ते शंभर बॉक्स कोण भरतंय ते कुठं लिवलंय?"

मला उत्तरच सुचलं नाही. दुपारी जेवणं आटोपली की चप्पल पुसायची, कागदात गुंडाळायची, बॉक्स, टेप, लेबल, संध्याकाळी कुरियरवाला यायच्या आत सगळं दारात. परत आलेले जोड उघडून, वास घेऊन, कुठले धुवून ठेवायचे ते पण त्याच बघतात. दीड वर्ष. मी बाईमाणूस असून तीन बैठकांत हा प्रश्न मला पडला नाही, याची लाज वाटली आणि अजून वाटते.

बॉक्समागं १५ रुपये ठरले, काकूंच्या खात्यावर. मुलाचा नफा आणखी खाली आला, त्यानं तोंड वाकडं केलं, पण देतो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा कुरकुरत होता, "आई आता सहानंतर आलेली ऑर्डर त्या दिवशी भरतच नाही. म्हणते, दुकान बंद झालंय."