मेडिक्लेममधून गर्भपाताचा खर्च मिळतो का? सरकार यासाठी काही देतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आहे, साधा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा) आहे, डॉक्टरांनी गर्भपात करायला सांगितलाय आणि खासगी दवाखान्यानं बराच आकडा सांगितलाय. त्यावर इथेच एका गृहस्थांनी "हा आजार नाही, मग क्लेम कसला?" असं एका ओळीत निकालात काढलंय. हे वाक्य मी आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचं. साध्या फ्लोटरमध्ये मिळणार नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयनं २०१९ मध्ये पॉलिसीत काय काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली, त्यात १८ नंबरच्या कोडमध्ये बाळंतपण, अपघाताशिवाय झालेला गर्भपात आणि कायदेशीर वैद्यकीय गर्भपात हे तिन्ही एकत्र बाहेर काढलेत. गर्भ नळीत राहिला असेल तर मात्र तो खर्च मिळतो, ते त्यातून वगळलेलं नाही. पॉलिसीत मॅटर्निटीचं कव्हर असेल तर चित्र बदलतं, कारण मॅटर्निटी खर्चाच्या व्याख्येतच कायदेशीर गर्भपात येतो. म्हणून एजंटला "गर्भपात कव्हर आहे का" असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. "मॅटर्निटी आहे का, लिमिट किती, वेटिंग संपलं का" असं विचारा. वेटिंग म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ते कव्हर लागू होईपर्यंत थांबायचा काळ.

आता माझं.

२०१९ मध्ये माझ्या दुसऱ्या वेळी अ‍ॅनोमली स्कॅनला (बाळात व्यंग आहे का ते बघायची सोनोग्राफी) सोनोग्राफीवाले डॉक्टर प्रोब फिरवता फिरवता गप्प झाले. मग त्यांनी माझ्या डॉक्टर मॅडमना आत बोलावलं. गर्भजल जवळपास नव्हतंच आणि बाळाच्या दोन्ही किडन्या तयारच झालेल्या नव्हत्या. असं बाळ जन्मलं तरी जगत नाही, हे मॅडमनी फिरवून न बोलता सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवडे होती आणि १२ आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागायचं. मी एकोणिसाव्या आठवड्यात. म्हणजे रडायलाही फुरसत नव्हती, दुसरं मत घ्या, रिपोर्ट काढा, अ‍ॅडमिट व्हा. (२०२१ च्या दुरुस्तीनंतर आता २० पर्यंत एक डॉक्टर, काही गटांतल्या बायकांसाठी २४ पर्यंत दोन डॉक्टर, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या मंजुरीनं त्यापुढेही. तेव्हा हे असतं तर निदान श्वास घ्यायला जागा मिळाली असती.)

बिल चाळीस हजारांच्या आसपास झालं. पॉलिसी माझ्या मोठ्या दिरांनी काढून दिलेली. ते एजंट, आमच्या सगळ्या गोतावळ्याच्या पॉलिसी त्यांच्याकडेच. नवऱ्यानं डिस्चार्ज कार्डासकट फाइल त्यांच्याकडे दिली. क्लेम नाकारला गेला, ते अपेक्षित म्हणा. पण भाऊजींनी कार्ड वाचलं, जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी सासूबाईंना, आणि मी टाके ओले असल्यासारखी जपून चालत असताना मला घरातूनच विचारणा झाली की "नक्की व्यंगच होतं ना?" मोठी मुलगी असलेल्या बाईला हा प्रश्न महाराष्ट्रात कुठल्या अर्थानं विचारतात ते मी इथे फोड करून सांगत नाही.

आणि आता गंमत बघा. गर्भपाताच्या कायद्याच्या नियमांत असं आहे की तुमचा संमतीचा फॉर्म आणि डॉक्टरांचं मत लिफाफ्यात घालून सील करायचं, वर 'गोपनीय' लिहायचं, रजिस्टर कुलपात ठेवायचं. २०२१ पासून तर बाईचं नाव उघड केलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दवाखान्यात इतकी काळजी. पण क्लेम टाकला की तोच सगळा तपशील एजंट, टीपीए (कंपनीसाठी क्लेम तपासणारी मधली संस्था), ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरचा पोरगा, अशा चार हातांतून जातो, आणि त्या चार हातांबद्दल या कायद्यात अक्षर नाही. ताई, तुमची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर आहे म्हणजे मेसेज त्यांच्या मोबाइलवर जाणार. त्यांना माहीत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर क्लेमच्या भानगडीत पडण्याआधी एकदा विचार करा.

जेवताना भाऊजी म्हणाले ते असं : "अगं, कंपनी आजाराचे पैसे देते. हे तुम्ही ठरवून केलंत. सगळ्यांच्या प्रीमियममधून एकीच्या निर्णयाचा खर्च का भरायचा?" तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या काही महिन्यांत मी एवढं वाचलं की आता फुटतात.

भाऊजी, १९६४ साली केंद्र सरकारनं याच विषयावर समिती नेमली. अध्यक्ष शांतिलाल शहा, तेव्हाचे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरतात म्हणून ती समिती बसली, आणि तिच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. तो कायदा काय म्हणतो? बाईला वाटलं म्हणून करा, असं तो आजही म्हणत नाही. गर्भ वाढू दिला तर तिच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे, किंवा बाळात गंभीर व्यंग आहे, असं डॉक्टरनं सद्‌भावनेनं मत दिलं पाहिजे. म्हणजे कायद्याच्या दारातून आत जाण्यासाठी माझ्या फाइलवर आरोग्याचं कारण लिहावंच लागतं, आणि तीच फाइल विमा कंपनीच्या टेबलावर गेली की आरोग्याचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? एक तर डॉक्टर खोटं लिहितात, नाही तर कंपनी.

आणि वगळलेल्या यादीत आमचे शेजारी कोण? कोड ८ ला सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया. कोड ९ ला पेशा म्हणून केलेले साहसी खेळ. १० ला कायदा मोडताना झालेली इजा. १२ ला दारू आणि नशा. १८ ला आम्ही. पॅराग्लायडिंग करणारा, पिऊन पडलेला आणि बाळ जगणार नाही असं कळलेली बाई, एका रांगेत.

भाऊजींचा दुसरा बाण होता, "अमेरिकेतसुद्धा देत नाहीत." त्यांचा मुलगा टेक्सासला. अर्धं बरोबर आहे. तिथे १९७६ मध्ये हेन्री हाइड या खासदारानं आणलेली अट दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला जोडली जाते, त्यामुळे मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतला केंद्राचा पैसा मोजके अपवाद सोडून गर्भपाताला जात नाही. टेक्सासनं २०१७ मध्ये पुढची पायरी गाठली : मुख्य पॉलिसीत गर्भपात, अगदी आणीबाणीची स्थिती सोडल्यास, असता कामा नये, हवा तर वेगळा पैसा भरून वेगळं कव्हर घ्या. बलात्कारासाठीही सूट ठेवली नाही. म्हणजे बाईनं आधीच अंदाज बांधायचा आपल्यावर काय ओढवणार आहे! पण त्याच वर्षी इलिनॉयनं राज्याच्या पैशातून मेडिकेडमध्ये गर्भपात देण्याचा कायदा केला, आणि २०१९ मध्ये खासगी विम्यालाही सांगितलं, बाळंतपण देता ना, मग हेही द्या. हाइडसाहेब स्वतः इलिनॉयचेच. तेव्हा 'अमेरिकेत' म्हणजे कुठल्या अमेरिकेत, ते विचारायचं राहून गेलं होतं, ते आज विचारते.

असो. एका ठिकाणी मी जिंकले, तेही सांगते, कारण हे फार बायकांना माहीतच नसतं. मी नाशिकजवळ सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्सला होते. एचआरवाल्यानं सांगितलं, "मॅडम, बाळ नाही तर मॅटर्निटी लीव्ह नाही, सिक लीव्ह टाका, उरलेली विदाउट पे." मी मातृत्व लाभ कायदा, १९६१, कलम ९ ची प्रिंट काढून त्याच्या टेबलावर ठेवली. गर्भपात आपोआप होवो की वैद्यकीय, दुसऱ्या दिवसापासून ६ आठवडे भरपगारी रजा. अट एवढीच की डॉक्टरचा दाखला द्यायचा. त्यानं ती वाचली, फोन उचलला, वरच्याशी बोलला, "हो सर... नाही सर, लिहिलंय सर," एवढंच मला ऐकू आलं. पगार आला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. तुम्ही नोकरी करत असाल तर क्लेमपेक्षा या रजेच्या मागे लागा, खात्रीचा पैसा हा आहे. आणि पगार २१ हजारांच्या आत असून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर उपचारही तिथे होतो आणि या ६ आठवड्यांचे पैसेही मिळतात.

सरकार काय देतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. हातात रोख कोणी देत नाही. सरकारी दवाखान्यात करून देतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालय त्यात आलं. आपल्यासारखी मध्यमवर्गीय मंडळी तिकडे नाक मुरडतात, पण गुंतागुंत झाली तर रक्त आणि भूलतज्ज्ञ तिथेच असण्याची शक्यता जास्त. आमच्या कारखान्यातली एक कंत्राटी हेल्पर गेली होती, एक रुपया लागला नाही. लागली ती नवऱ्याची सही. तो दारू पिऊन कुठे पडला होता देव जाणे, तिचा आठवडा त्यातच गेला. कायद्यात नवऱ्याची सही कुठेही नाही. १८ पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. लग्न झालेलं असो-नसो, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अविवाहितांनाही २४ आठवड्यांच्या नियमात घेतलंय. "तांबी बसवून घे तरच करतो" अशी अट कोणी घातली तर तीही कायद्यात नाही. हे तिथे ठामपणे, पण आवाज न चढवता सांगा.

पैसे नसले की काय होतं याचा एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. सगळेच पैशापायी असं मी म्हणत नाही, लाज आहे, अंतर आहे, बदनामी आहे. पण 'आजार नाही' म्हणणाऱ्यांनी यातला आपला वाटा मोजावा.

आता राहिलेल्या अटी-शर्ती. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर बारीक अक्षरं वाचा, अनेक ठिकाणी मॅटर्निटी पहिल्या दोन मुलांपुरतीच असते, आणि पहिल्या १२ आठवड्यांत स्वेच्छेनं केलेला गर्भपात वेगळा वगळलेला असतो. गोळ्यांनी होणारा गर्भपात ओपीडीतला, त्यामुळे अ‍ॅडमिशनची अट असलेल्या पॉलिसीत तो तसाही बसत नाही. आत्ता मॅटर्निटी रायडर (वरचं जोडकव्हर) घेऊन उपयोग नाही, वेटिंग लागतं. क्लेम चुकीचा नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सोचा (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचा) विषय येतो, तिथे पालकाची संमती लागते आणि पोलिसांना कळवावं लागतं, मात्र मुलीची ओळख पोलिसांपासून लपवता येते, हेही त्याच २०२२ च्या निकालात आहे. आणि कृपा करून सोनोग्राफीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका, गर्भ नळीत असेल तर जिवावर बेतेल.

मी वकील नाही, डॉक्टर नाही. भाऊजींकडची पॉलिसी मी नंतर पोर्ट केली, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेली, जाऊबाई अजून त्यावरून बोलतात, बोलू देत.

पॉलिसीचं शेड्यूल आणि मॅटर्निटीचं पान असेल तर नाव-नंबर खोडून खाली टाका, मी वाचून सांगते.