वाचकांचे प्रश्न : पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री

प्रश्न : पाकिस्तानचा पहिला कायदामंत्री हिंदू होता आणि त्यानेच बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणलं, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला. खरंय का? त्याला कोणी गद्दार म्हणतंय तर कोणी भोळा. तुमचं मत काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हो, खरंय. जोगेंद्रनाथ मंडल. जन्म 1904 चा, आता बांगलादेशात असलेल्या बारिसाल जिल्ह्यातला, नामशूद्र समाजातला, म्हणजे ज्यांच्या हातचं पाणी वरच्या जातीचे लोक पीत नव्हते त्या समाजातला. 1937 ला ते बंगालच्या विधानसभेत अपक्ष म्हणून निवडून आले, तेही राखीव नाही तर खुल्या जागेवरून, काँग्रेसच्या उमेदवाराला पाडून. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती बघा.

बाबासाहेबांबद्दल मेसेजमध्ये थोडा घोळ असतो, तो आधी सोडवू. अमुक जिल्ह्यातल्या जनतेने त्यांना निवडून दिलं असं फिरतं, पण घटना समितीचे सदस्य जनता नाही, प्रांतांचे आमदार निवडत होते. 1946 ला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा, म्हणजे बाबासाहेबांच्या पक्षाचा सगळीकडे धुव्वा उडालेला, मुंबईतून जाण्याएवढी मतं बाबासाहेबांकडे नव्हती, तेव्हा मंडल यांनी बंगालमध्ये दलित आमदारांची मतं गोळा केली आणि ते स्वतः तिथले फेडरेशनचे एकमेव आमदार होते हे लक्षात घ्या. पुढे फाळणीत ती जागा गेली आणि जुलै 1947 मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून परत आले. महाराष्ट्रात या माणसाची आठवण फार कमी निघते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुस्लिम लीगबरोबर का गेले? त्यांचा हिशोब असा होता की बंगालमधला मुसलमान मुख्यतः शेतकरी नि मजूर, नामशूद्रही तोच, मासेमारी करणारे दोन्हीकडे, शिक्षणात दोघेही मागे, मग दोघांचं हित एकच ना. हा हिशोब हवेतला नव्हता, गावात दोघांच्याही डोक्यावर जमीनदार आणि सावकार होतेच. ऑक्टोबर 1946 ला लीगने त्यांना दिल्लीच्या अंतरिम सरकारात पाठवलं, कायदा खातं मिळालं. ऑगस्ट 1947 ला कराचीत पाकिस्तानची घटना समिती बसली तेव्हा हंगामी अध्यक्ष मंडलच होते, त्यांच्याच देखरेखीखाली जिना अध्यक्ष झाले आणि 11 ऑगस्टचं ते भाषण झालं, की तुम्ही तुमच्या देवळात जायला मोकळे आहात. मंडल यांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

जिना सप्टेंबर 1948 ला गेले. त्यानंतर कायदा आणि कामगार खात्याचा मंत्री असूनही पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आपल्याच लोकांना ते वाचवू शकले नाहीत. 8 ऑक्टोबर 1950 चं पंतप्रधान लियाकत अली खान यांना लिहिलेलं त्यांचं राजीनाम्याचं पत्र जमलं तर मुळातून वाचा. भाषणबाजी कमी, गावांची नावं जास्त. खुलना जिल्ह्यातलं काल्शिरा घ्या. डिसेंबर 1949 मध्ये तिथे एक पोलीस शिपाई मारला गेला, मग पोलीस आणि जमाव गावावर तुटून पडले, आणि मंडल लिहितात की साडेतीनशे घरांपैकी फक्त तीन उरली. फेब्रुवारी 1950 च्या दंगली, ढाका, त्यांचं स्वतःचं बारिसाल, सगळं त्यात आहे. राजीनामा दिला तेव्हा ते कलकत्त्यात होते, परत गेलेच नाहीत.

माझं मत विचाराल तर गद्दार हा शब्द मला अजिबात मान्य नाही. त्यांचा अंदाज चुकला आणि त्याची किंमत गरीब नामशूद्रांनी मोजली, हे कडवट सत्य आहे, त्यावर पांघरूण घालू नये. बाबासाहेबांनी तर नोव्हेंबर 1947 मध्येच पाकिस्तानातल्या दलितांना भारतात या म्हणून जाहीर सांगितलं होतं. पण मंत्रिपद सांभाळत गप्प बसणं सोपं असताना या माणसाने नावानिशी, तारखेनिशी सगळं लिहून ठेवलं. इकडे आल्यावर निर्वासितांसाठी काम केलं, निवडणुका लढले, हरले. दोन्ही देशांना ते नकोसे झाले होते. 1968 ला बनगावला वारले.

प्रश्न : आज पाकिस्तानात हिंदू माणूस निवडून येऊ शकतो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येतो, पण फार थोडे. लष्करशहा जनरल झियांच्या काळात 1985 पासून स्वतंत्र मतदारसंघ होते, म्हणजे हिंदूंनी फक्त अल्पसंख्याकांच्या जागांवर मत द्यायचं, त्यामुळे बाकी कुठल्या उमेदवाराला त्यांच्या दारात यायची गरजच नव्हती. 2002 ला ते बंद झालं. त्यानंतर नॅशनल असेंब्लीच्या (म्हणजे तिथल्या लोकसभेच्या) सर्वसाधारण जागेवरून पहिले हिंदू निवडून आले ते 2018 ला, थरपारकरमधून महेशकुमार मलानी. त्याच वर्षी नगरपारकरकडच्या कृष्णाकुमारी कोहली सिनेटर झाल्या, वेठबिगारी भोगलेल्या दलित कुटुंबातल्या. दोघेही पीपल्स पार्टीचे आणि दोघेही सिंधचे, कारण पाकिस्तानातले बहुतेक हिंदू सिंधमध्येच राहतात. बाकी प्रांतांत राखीव जागांवर भिस्त, आणि तिथे नाव पक्ष ठरवतो, मतदार नाही.