डस्ट म्हणजे झाडलेली धूळ का?

प्रश्न : वाण्याने परवा 'डस्ट' चहा दिला. सासूबाई म्हणतात, कारखान्यात झाडून गोळा केलेली धूळच ती, पाहुण्यांना देऊ नकोस. खरं आहे का? आणि पानांचे असे गोल दाणे होतात तरी कसे?
— एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा, पण या बाबतीत त्यांची गफलत झालीय. चहाचं दुकान टाकण्याआधी मी दोन वर्षं आसाममध्ये जोरहाटजवळच्या एका मळ्यावर कारखान्यात होतो. मळ्याचं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा तासभर पुढे लावलेलं!

तोडलेली 'दोन पानं, एक कळी' लांबलचक जाळीवर पसरतात आणि खालून पंख्याचा वारा सोडतात. रात्रभरात पान कोमेजतं. सकाळी मूठ भरून दाबायचं, ओल्या फडक्यासारखं मऊ लागलं की पुढे धाडायचं. या मुठीचा अंदाज यायला मला सहा महिने लागले, आणि तोवर शिव्या बऱ्याच खाल्ल्या.

मग येतं सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र. दातेरी रुळांची जोडी उलटसुलट आणि वेगवेगळ्या गतीने फिरते. त्यात पान चिरडतं, फाटतं, वळतं. तुमचे दाणे होतात ते इथे. हे यंत्र १९३०च्या दशकात आसामातच, अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी बनवलं. हिरवा लगदा मग हवेवर ठेवतात. याला 'फर्मेंटेशन' म्हणतात खरं, पण आंबत काहीच नाही. चिरलेलं सफरचंद काळं पडतं तसलाच प्रकार. साधारण तासाभरात रंग तांब्यासारखा होतो. मिनिटं चुकली की चहा कच्चा तरी लागतो, नाहीतर मिळमिळीत. पुढे गरम हवेत वाळवून ओलावा तीन टक्क्यांच्या आसपास आणतात. साडेचार किलो पाल्याचा जेमतेम किलोभर चहा उरतो.

तुमची डस्ट निघते शेवटी, चाळण्यांवर. वर राहतो तो मोठा दाणा, आपल्याकडची ममरी. सगळ्यात खाली पडते ती डस्ट. पान तेच, मळा तोच, फरक फक्त आकाराचा. खराखुरा कचरा वेगळा काढतात. त्याला 'टी वेस्ट' म्हणतात आणि १९५९ पासून त्यावर सरकारी नियंत्रण आहे. त्यातून कॅफीन वगैरे काढतात.

बारीक कण असल्याने डस्ट पटकन रंग सोडते, म्हणून भरपूर दुधाच्या चहाला ती बरी. जास्त उकळली तर मात्र कडू होते. मी घरी दोन चमचे ममरीत एक चमचा डस्ट घालतो.

सुटा चहा घेताना संशय आला, तर चिमूटभर पूड टिपकागदावर पसरून वर पाणी शिंपडा. थोड्या वेळाने पूड झटका, कागद नळाखाली धुवा आणि मग उजेडात धरा. ठळक रंगाचे डाग दिसले तर पूड रंगवलेली आहे, ती खुशाल वाण्याला परत करा.