ॲनिमियामुळे तरुण वयात स्ट्रोक येऊ शकतो का?

तुमचं वय २९, हिमोग्लोबिन ७.८, आणि रक्त कमी असलं की तरुणपणी स्ट्रोक येतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही विचारताय. येऊ शकतो, पण ॲनिमिया असलेल्या बहुतेकांना तो कधीच येत नाही, त्यामुळे आधी घाबरणं बाजूला ठेवा. मी डॉक्टर नाहीये, पण माझ्या धाकट्या बहिणीला ३१ व्या वर्षी हे झालं आणि तेव्हा तिच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं, त्यातलं सांगते.

तिला पाळीत वर्षानुवर्षं खूप ब्लीडिंग व्हायचं. हिमोग्लोबिन ६.९ होतं, जिना चढताना मधेच कठडा धरून थांबायची आणि आम्ही म्हणायचो अगं जरा नीट खात जा. मग ब्लीडिंग आटोक्यात यावं म्हणून इस्ट्रोजेनवाल्या हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी डोकं दुखायला लागलं, रोज, आडवी झाली की जास्तच, पेनकिलर घेऊनही थांबेना. रक्त कमी आहे म्हणून दुखतंय असं तिला वाटलं, आम्हाला वाटलं, आणि जिथे दाखवलं तिथेही तेच सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी केस विंचरताना उजव्या हातातून कंगवा पडला, तिने उचलला, परत पडला, आणि ती त्याच्याकडे नुसती बघत बसली. मी काय झालं विचारलं तर "ते... ते" एवढंच. कंगवा हा शब्दच तिला सापडत नव्हता.

एमआरआयमधे मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी निघाली. याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात. नेहमीचा स्ट्रोक मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत होतो, हा परतीच्या वाटेवर होतो, आणि तो जास्त करून तरुणांत, त्यातही बायकांत, बाळंतपणाच्या आसपास किंवा अशा गोळ्या चालू असताना दिसतो. साध्या सीटी स्कॅनमधे कधीकधी काहीच दिसत नाही, शिरांचा वेगळा स्कॅन करावा लागतो.

आता रक्त कमी असताना गुठळी कशी, हा प्रश्न मलाही पडला होता, कारण मला वाटायचं रक्त कमी म्हणजे पातळ. तसं नसतं. लोह कमी पडलं की बऱ्याचदा प्लेटलेट वाढतात, आणि प्लेटलेटचं काम मुळात गुठळी करण्याचं. शिवाय लोह नसलेल्या लाल पेशी लहान आणि कडक होतात, बारीक नळीतून वाकून जायला त्यांना जड जातं. त्यात मेंदूला ऑक्सिजन कमी पोचतो म्हणून हृदय रक्त जोरात ढकलत राहतं आणि त्या वेगाचा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास होतो. एकट्या ॲनिमियाने सहसा निभावून जातं, पण त्याच्या जोडीला गोळ्या, बाळंतपण, सिगरेट, अंगातलं पाणी कमी होणं असं काही आलं की गणित बिघडतं. बहिणीच्या तीन महिने जुन्या रिपोर्टमधे प्लेटलेट ६ लाख ४० हजार होते (साधारण दीड ते साडेचार लाख नॉर्मल), बाजूला ठळक खूण पण होती, आणि आम्ही सगळ्यांनी फक्त हिमोग्लोबिनची ओळ वाचली. याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून तुमचा रिपोर्ट परत काढा आणि प्लेटलेटचा आकडा बघा. वाढलेला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. आणि ॲनिमियाबरोबर प्लेटलेट एकदम खाली गेले असतील तर थांबू नका, त्यामागे टीटीपीसारखा (यात अंगभर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात) इमर्जन्सी आजार असू शकतो आणि त्यातही स्ट्रोक येतो. ॲनिमिया कसला आहे हेही कळायला हवं, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी१२ करून घ्या, बी१२ कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि त्यानेही गुठळ्या होतात. सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा जन्मजात आजार, तर वेगळीच गोष्ट, त्यात लहान मुलांनाही स्ट्रोक येतो, म्हणून त्यांची मेंदूच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करतात आणि वेग सेकंदाला २०० सेंटीमीटरच्या वर गेला तर नियमित रक्त चढवतात.

लोहच कमी असेल तर रक्त जातंय कुठे ते शोधायला लावा, पाळी, मूळव्याध, अल्सर, काहीही असू शकतं. लोहाच्या गोळ्या चहा-कॉफीबरोबर घेऊ नका आणि हिमोग्लोबिन १२-१३ झालं की लगेच सोडू नका, साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, पण ॲनिमिया आणि त्या गोळ्या दोन्ही आहेत हे डॉक्टरांना एका दमात सांगा. बहिणीला गुठळीसाठी रक्त पातळ करायचं औषध द्यावं लागलं, त्याने पाळीतलं ब्लीडिंग अजून वाढलं, मग लोह सलाइनमधून दिलं, सहा महिने ही कसरत चालली. आता ती बरी आहे, फक्त दमली की एखादा शब्द अडकतो.

तुमचं डोकं दुखतंय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. आधी कधी दुखलं नव्हतं असं दुखत असेल, झोपल्यावर वाढत असेल, उलटी होत असेल, नजर धूसर होत असेल तर आजच दाखवा, रक्त कमी आहे म्हणून असेल असं म्हणून थांबू नका. आणि तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. धमनीतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते बरोबरच्या माणसाने लक्षात ठेवायचं, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.