संगणकाच्या कॅबिनेटमध्ये तापमानाचे सेन्सर कुठे लावावेत

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या चिपमध्ये सेन्सर मुळातच असतात, त्यामुळे वेगळा विकत घेतलेला सेन्सर तिथे खर्ची घालू नये. त्याचे टोक प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये सरकवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण हीटसिंक नीट टेकत नाही आणि तापमान उलट वाढते.

पहिला सेन्सर पुढच्या पंख्यातून हवा आत येते त्या वाटेवर, पत्र्याला न टेकता अधांतरी राहील असा बांधावा. दुसरा मागच्या पंख्याच्या अलीकडे, पात्यांपासून दोन बोटे दूर असावा. रत्नागिरी-मालवणकडे मे महिन्यात खोलीतलीच हवा इतकी तापलेली असते की आतला एकटा आकडा पाहून काहीच कळत नाही. आत येणारी हवा ३३ अंश आणि बाहेर पडणारी ४१ अंश असेल, तर पाहायचा तो मधला ८ अंशांचा फरक. कामाचा भार तोच असताना हा फरक वाढत चालला, तर आधी पुढची जाळी काढून पाहावी, कारण आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. ती जाळीच्या भोकांत लगद्यासारखी बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही.

तिसरा सेन्सर असलाच, तर तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या हीटसिंकवर कॅप्टॉन टेपने, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने, चिकटवावा. साध्या चिकटपट्टीचा गोंद उष्णतेने सुटतो आणि लोंबणारी वायर पंख्यात जाते. मदरबोर्डवर अशा सेन्सरसाठी दोन पिनांची जागा असेल, तर संगणक बंद करूनच जोडणी करावी. या सेन्सरला (थर्मिस्टरला, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या भागाला) उलटसुलट बाजू नसते.