पावनखिंडीची सोबत घरी का टिकत नाही?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी 47 वर्षांची असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. गेल्या जुलैमध्ये आमच्या गल्लीतील काही जणांबरोबर मी पन्हाळगड ते पावनखिंड ही दोन दिवसांची पदभ्रमंती केली. माझ्या धाकट्या जावेनेही ऐनवेळी नाव दिले. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून सहा वर्षांपूर्वी आम्हा दोघींत वाद झाला होता आणि एकाच इमारतीत वर-खाली राहूनही आमचे बोलणे कामापुरतेच उरले होते. मसाई पठार ओलांडून खाली उतरल्यावर माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. तिने काही न बोलता आपल्या पाठपिशवीची नाडी ओढून काढली, भाताच्या बांधावर बसून बूट माझ्या पायातच ठेवून तो बांधला आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्या मागेच चालली. रात्री करपेवाडीत एका घराच्या सोप्यात आम्ही एकच घोंगडे पांघरून झोपलो. सगळे मिटले आणि मीही बदलले, असे मला वाटले. घरी आल्यावर आठ दिवसांत सारे पूर्ववत झाले. जिन्यात भेटलो की ती हसते, मी हसते, एवढेच. मग तो बदल खोटा होता का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : खोटा नव्हता; मात्र त्यातील बराचसा वाटेने घडवलेला होता, आणि वाट संपल्यावर तो तुम्ही दोघींनी उचलून घरी आणायचा होता, तो आणला गेला नाही. पावसाळ्यात त्या वाटेने गेलेल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. खाचराच्या बांधावरून दोघांना शेजारी-शेजारी चालता येत नाही, त्यामुळे समोरासमोर बसून बोलताना जो अवघडपणा येतो तो तेथे येतच नाही. पुढच्याची पाठ आणि आपल्या पायाखालचा तांबडा चिखल एवढेच दिसते. कोणाला तहान लागली आहे, कोणाचा पाय घसरतो आहे, हे लपवावे म्हटले तरी लपत नाही. गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांवर ठरत असल्यामुळे थांबणे हा कोणी कोणावर केलेला उपकार राहत नाही. शिवाय दोन दिवस दोघींना एकच काम असते, पुढच्या वाडीपर्यंत पोहोचण्याचे, आणि त्या कामात सासूबाईंचे आजारपण कोठेच येत नाही. घरी यातले काहीच नसते. तेथे ज्याची त्याची अडचण दाराआड असते आणि मागितल्याशिवाय कोणी मदतीला येत नाही, कारण न मागता आले तर ते आगाऊपणाचे ठरते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्टच लिहितो. बूट कसा बांधला, हे तुम्ही बारकाईने सांगितले आहे. पण त्यावर तुम्ही काय म्हणालात, हे कोठेच नाही. कदाचित म्हणायला वेळ झाला नसेल, पुढची मंडळी दिसेनाशी होत असतील. ज्या व्यक्तीने आपल्यासाठी पुरेसे केले नाही अशी सहा वर्षे तक्रार होती, तिच्याकडून तुम्ही त्या दिवशी मदत घेतलीत आणि ती घेताना तुम्हाला कमीपणा वाटला नाही. माझ्या मते तुमच्यात झालेला बदल तो हाच. ‘सगळे मिटले’ हा मात्र तुम्ही परस्पर काढलेला निष्कर्ष आहे. कोणी किती केले, या प्रश्नाला पावनखिंडीत कोणीही हात लावलेला नाही. तो जागेवरच होता आणि तुम्ही परतल्यावर जिन्यात पुन्हा भेटला.

तो प्रश्न लगेच काढून बसा, असे मी सुचवणार नाही. आपल्या कोल्हापूरकरांच्या हाताशी एक जुनी सोय आहे, ती म्हणजे जोतिबाचे खेटे. माघातल्या रविवारी पहाटेच्या अंधारात पंचगंगेच्या घाटावरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करत लोक डोंगर चढतात आणि असे पाच रविवार करतात. जोतिबा येथून निघाला तेव्हा त्याला परत आणण्यासाठी अंबाबाई अनवाणी चालत गेली, अशी त्यामागची कथा सांगतात. रुसलेल्याच्या मागे चालत जाण्याची ही रीत आपल्या गावाला नवी नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की खेटा एकदा घालून भागत नाही. पहिल्या रविवारी उत्साह असतो, दुसऱ्या रविवारी पाय दुखतात, तिसऱ्या रविवारी अंथरूण सोडवत नाही. त्या तिसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरून कोणी हाक मारली तर ती पुष्कळ काही करून जाते. पंढरीच्या वारीतही हेच दिसते. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या ठरलेल्या क्रमाने चालतात आणि वारकरी वर्षानुवर्षे आपल्याच दिंडीत चालतो. शेजारचा आवडतो की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही. तेथील सोबत एका भारलेल्या दिवसावर अवलंबून नसते, म्हणून ती टिकते.

तेव्हा माघाची वाट पाहा, किंवा तोवर आठवड्यातून एक सकाळ रंकाळ्याला फेरी मारायला तिला बोलवा. चालताना विषय निघाला तर निघू द्या. ती ‘बघू’ म्हणाली तर पुढच्या आठवड्यात आणखी एकदा विचारा, तिसऱ्यांदा मात्र विचारू नका. आणि ती पाठपिशवीची नाडी बहुधा अजून तुमच्या त्या फाटक्या बुटाला बांधलेलीच असेल. ती सोडून, धुऊन वरच्या मजल्यावर नेऊन द्या. जिन्यात हसण्यापेक्षा ते सोपे जाईल.

प्रश्न : माझे वय 63 असून मी निवृत्त शिक्षक आहे. यंदा मलाही याच वाटेने जायचे आहे. बरोबरची सर्व मंडळी तिशीतील आहेत. ‘बाबा, तुमच्यामुळे सगळ्यांना थांबावे लागेल,’ असे मुलगा म्हणतो. मी जावे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : मुलाचे म्हणणे खरे आहे, पण ते तुम्हाला अडवण्यास पुरेसे नाही. अंतर सुमारे 50 किलोमीटरचे आहे आणि थांबावे तर सर्वांनाच लागते. कोणी वयामुळे थांबतो, कोणी नव्या बुटांमुळे. नव्या बुटांवाले जास्त थांबतात, असा माझा अनुभव आहे. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि गुडघे तपासून घ्या. त्यानंतर महिना-दीड महिना अंगावर ओझे घेऊन चाला आणि शेवटी कोल्हापूर ते जोतिबा हे अंतर एका दमात चालून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघे काय म्हणतात, ते मात्र प्रामाणिकपणे ऐका. कारण दोन दिवसांच्या वाटेवर पहिला दिवस जिद्दीवर निघून जातो, दुसऱ्या दिवशी पहाटे ओल्या बुटांत पुन्हा पाय घालायचे असतात. दिवसभर भिजलेल्या पायांची कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मग जरासे घासले तरी फोड येतो, म्हणून सकाळी पायांना व्हॅसलीन चोळा आणि रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, तो वाटेत कोणी मागितला तरी देऊ नका. काठी घ्या. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात असू द्या.

सोबतीबद्दल एकच सूचना आहे. निघण्यापूर्वीच गटप्रमुखाला सांगा की मी हळू चालतो, मला मध्ये ठेवा. वयस्कर मंडळी संकोचाने शेपटाला राहतात, आणि त्यात एक अन्याय होतो : पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि शेवटचा पोहोचला की लगेच उठतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळत नाही. तुम्ही मध्ये असाल तर हे टळते. आणि इतके करूनही मसाई पठारावरच दम संपला, तर तेथूनच परत फिरण्याची तयारी ठेवा. शिक्षकांना हे जड जाते, याची मला कल्पना आहे, कारण मीही तोच व्यवसाय केला आहे.

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे. नोकरी सोडून एकट्याने नर्मदा परिक्रमा करण्याचा विचार आहे. बरोबर माणसे असली की माणूस बदलत नाही, असे मला वाटते. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नर्मदा 1,312 किलोमीटर लांब आहे आणि ती कोठेही न ओलांडता, सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी फिरायचे असते. एवढ्या वाटेवर तुम्ही एकटे राहाल, हा समज आधी सोडा. रोज संध्याकाळी कोणत्या तरी अनोळखी दारात उभे राहून ‘नर्मदे हर’ म्हणावे लागेल आणि समोरचा देईल ते खाऊन तो सांगेल तेथे पथारी पसरावी लागेल. ओळखीच्यांची सोबत नको असेल तर खुशाल जा, पण मग न ओळखणाऱ्यांची स्वीकारावी लागेल, आणि ती निवडता येत नाही. नोकरीबद्दल म्हणाल, तर राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी रजा मिळते का, ते विचारा. दरम्यान, सलग आठ दिवस एकट्याने चालून पाहा. चौथ्या दिवशी बोलायला माणूस हवासा वाटला तर मला पुन्हा लिहा.