मोठी शाळा मोडून लहान शाळा

प्रश्न : अमेरिकेत निकाल खालावलेली मोठी सरकारी हायस्कुले बंद करून लहान शाळा काढल्या गेल्या, त्याने खरोखर फरक पडला का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : न्यूयॉर्कपुरते बोलायचे तर पडला. 2002 नंतर, महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात, अशी 20हून अधिक हायस्कुले टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि अनेकदा त्याच इमारतींत, एकेका मजल्यावर, इयत्तेला जेमतेम 100 मुलांच्या नव्या शाळा भरू लागल्या. अर्ज जास्त आल्यास प्रवेश सोडतीने होत असल्यामुळे नंबर लागलेल्या आणि हुकलेल्या मुलांची रास्त तुलना करता आली, तेव्हा चार वर्षांत शिक्षण पूर्ण करणारे पहिल्या गटात अधिक निघाले. मात्र जुन्या शाळेत अखेरपर्यंत राहिलेल्या मुलांचे शिक्षक आणि विषय वर्षागणिक कमी होत गेले, हे कौतुकाच्या भरात सहसा सांगितले जात नाही.